नाना बसलेत

भुसावळात ऐन उकाड्यात लाइट जावी म्हणून मारुतीपुढे हात जोडणारी त्या वर्षी मी एकटीच असेन. जून संपत आला होता, पाऊस कुठे अडकला होता देव जाणे, आणि तरी आमची गल्ली सोमवारपासून नुसती खुशीत होती. कारण लाइट जातच नव्हती. एरवी रोज सकाळी जायची, दुपारी जायची, मनात आलं तर संध्याकाळीही एक चक्कर मारून यायची. पण रविवारी पोटनिवडणुकीचं मतदान होतं. मतदान होईस्तोवर लाइट जात नाही, लिहून घ्या, असं वामनभाऊ गिरणीवाले आल्यागेल्याला सांगत होते. लोक पंख्याखाली पाय पसरून झोपत होते. मी मात्र डाळ निवडता निवडता पंख्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, थांब ना मेल्या.

"कुणाची वाट बघतेस गं?" आईने विचारलं.

"कुणाची नाही."

"वाट बघायची तर दाराकडे बघतात. पंख्यातून कोण येणारे?"

आईला सगळं ठाऊक होतं, म्हणून तर ती अशी बोलत होती. लाइट गेल्याशिवाय लाइट येत नाही, आणि लाइट आल्याशिवाय आमचे नाना बसत नाहीत, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

नाना म्हणजे माझे वडील, काशिनाथ झांबरे, रिटायर्ड स्टेशन मास्तर. गल्लीत त्यांना मास्तरच म्हणत. उभी नोकरी त्यांनी अशा लहान स्टेशनांवर काढली, जिथे मेल थांबत नाही, शिट्टी मारून निघून जाते. हिरवं म्हणजे हिरवं, लाल म्हणजे लाल, मधलं काही त्यांना माहीत नव्हतं. "उभ्या नोकरीत एकदाही खोटा सिग्नल दाखवला नाही," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की माझा भाऊ दिगंबर, म्हणजे दादा, माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवायचा. नानांचा शब्दही सिग्नलसारखाच. एकदा दिला की दिला, मग समोर ब्रह्मदेव आला तरी मागे घ्यायचा नाही.

रिटायर झाल्यावर नानांनी घरात फ्रिज आणला. गल्लीत तेव्हा फ्रिज बऱ्याच घरांत होते, आमच्याकडेच नव्हता, कारण सगळी नोकरी बदल्यांत गेली. फ्रिज आला त्याच महिन्यात दादाने पराक्रम केला. लाइट गेली होती ती आली, याला थंड पाण्याची घाई, याने लगेच बटण दाबलं. लाइट दोनदा लुकलुकली. फ्रिज म्हशीसारखा हंबरला आणि गप्प झाला. मेकॅनिक आला, त्याने मागे वाकून बघितलं आणि कॉम्प्रेसर जळाला म्हणून सांगितलं. जाता जाता म्हणाला, "मास्तर, लाइट आली की जरा थांबत जा."

"जरा म्हणजे किती?" नानांनी विचारलं.

"आता जरा म्हणजे जरा," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.

रेल्वेत जरा नावाचं काही नसतं. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी स्वतःच नियम बसवला. लाइट गेली की जो जवळ असेल त्याने फ्रिजचं बटण बंद करायचं. लाइट आली की नानांशिवाय कुणी त्या बटणाला हात लावायचा नाही. नाना फ्रिजसमोर स्टूल ओढणार, डब्यातून एक सुपारी काढणार आणि अडकित्त्याने ती कातरत बसणार. आई भाकरी थापते तशी निगुतीने, अगदी बारीक बारीक. डोळे फ्रिजवरच्या बल्बवर, लाइट लुकलुकते का ते बघत. सुपारी संपली की बटण. त्याच्या आधी इकडचं जग तिकडे झालं तरी ते उठत नसत. एकदा दारातली त्यांची सायकल कुणीतरी घेऊन चाललं होतं, आईने ओरडून सांगितलं, तर बल्बवरची नजर न काढता म्हणाले, "दिगूला पाठव."

सुपारीची ही बैठक सोडली तर या माणसाला एके जागी बसलेला बघायची आम्हाला सवय नव्हती. एरवी नाना सापडायचेच नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी सायकल मारत स्टेशनवर जाणार, कुठली गाडी किती लेट आहे ते बघून येणार. गाड्या वेळेवर असल्या तर जेवताना बोलणार, नसल्या तर नाही. मधल्या वेळात नळ दुरुस्त कर, खाट विण, कुंपण बांध. चालत्या नानांना काही विचारलं की ते म्हणायचे, "बघू." नानांचं बघू म्हणजे सायडिंगला लावलेला डबा. तो परत मेन लाइनवर येत नसे.

पण स्टुलावर बसलेले नाना वेगळे होते. उठून जाता येत नाही, नजर बल्बवर, म्हणजे आपल्याकडे बघतही नाहीत, हात कामात, म्हणजे चिडून हातवारेही नाहीत. हा शोध पहिल्यांदा आईला लागला. गिरनारच्या यात्रेचं तिने तिथे काढलं आणि सुपारी संपायच्या आत मंजूर करून घेतलं. मग दादाने गाडी घेतली ती तिथेच, मी सायन्सला गेले ते तिथेच. आमच्या घरात 'नाना बसलेत' असं कुणी म्हणालं की त्याचा अर्थ एकच, ज्याला जे मागायचंय त्याने पळत या.

आणि त्या आठवड्यात नाना बसत नव्हते.

माझी अडचण अशी होती. सावद्याच्या फालकांकडचं स्थळ मला आलं होतं. मे महिन्यात ते लोक बघून गेले. मुलगा चांगला होता, हीच तर खरी पंचाईत. आगाऊ असता, हुंडा मागितला असता, तर नाही म्हणायला तोंड तरी होतं. त्याने सगळ्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला, केळीचे वेफर्स तुम्ही केलेत का. मी म्हटलं, विकतचे आहेत. तो हसला. केळीच्या गावचा माणूस, त्याला पहिल्या घासालाच कळलं असणार. त्यांचा होकार आला, आता आमच्याकडून शब्द जायचा होता, आणि तो द्यायला नाना शनिवारी सकाळच्या गाडीने सावद्याला निघणार होते.

माझं मन मात्र भलतीकडेच होतं. कॉम्प्रेसर जळाला त्या दिवसापासून एक किडा माझ्या डोक्यात शिरला होता. लाइट आल्यावर थांबायचं का? नानांना विचारलं, तर म्हणाले, नियम आहे. कॉलेजच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, परीक्षेला येत नाही. मला ते कळून घ्यायचं होतं. बारावी झाली, आणि दादाने मला गुपचूप आयटीआयचा फॉर्म आणून दिला. फ्रिज-एसी दुरुस्तीचा ट्रेड, दोन वर्षं. जवळपास कुठे मुलींना जागा मिळेना, ती नाशिकला मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे शनिवारी नाना शब्द देऊन आले, की सोमवारी माझी नाशिकची गाडी माझ्याशिवाय जाणार होती. दोन वर्षं थांबा म्हणायला सावद्याची माणसं काही फ्रिज नव्हती.

बुधवारी मी धीर करून चालत्या नानांना गाठलं. ते सायकलीला हवा भरत होते. म्हटलं, नाना, सावद्याचं जरा बोलायचं होतं. "हो, शनिवारी जाऊन येतो," ते म्हणाले, "पाऊस लागायच्या आत बोलणी झालेली बरी." आणि घंटी वाजवत गेलेसुद्धा. मी पंप हातात धरून अंगणात उभी राहिले.

गुरुवारी दुपारी दादा आणि मी ओट्यावर बसलो होतो. समोर लिंबाखाली खाटेवर नाना तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. दादा दबक्या आवाजात म्हणाला, यात अवघड काय आहे? मीटर इथे ओट्यावरच आहे. मेन स्विच खाली ओढ, थोड्या वेळाने वर कर. लाइट गेली, लाइट आली, नाना बसले.

मी म्हटलं, "आणि नानांना कळलं तर? सावदा राहू दे बाजूला, जन्मभर तोंड बघणार नाहीत माझं."

"मग कर लग्न आणि खा केळी."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. एरवी तो उलट मारतो, पण त्या दिवशी गप्प बसला, कारण मी रडायला लागले होते. मला माझाच राग आला होता. एवढी घोडी झाले आणि बापाशी बोलायला लाइट जायची वाट बघतेय. पण खरं सांगायचं तर तसंच होतं.

"मला नानांना फसवून नाही विचारायचं रे," मी म्हणाले. "ते नको म्हणाले तर नको. पण एकदा ऐकून तरी घेतलं पाहिजे ना? एकदा बसले असते, तर मी सगळं सांगितलं असतं."

दादा म्हणाला, मारुतीला सांग मग, तो तरी बसलेला असतो. तोही उभाच असतो, हे मी त्याला सांगितलं, आणि आम्हा दोघांनाही हसू आलं.

तरी शुक्रवारी सकाळी मी मारुतीला जाऊन नारळ बोलले.

शुक्रवारी दुपारची जेवणं झाली. आई आत भांडी घासत होती, नाना बाहेर ओट्यावर होते, दादा खोलीत बँकेच्या परीक्षेचं पुस्तक तोंडावर घेऊन अभ्यास करत होता. मी पंख्याखाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मागच्या भिंतीला लागून वामनभाऊंची गिरणी. ती चालू असली की आमच्या फळीवरची ताटं दिवसभर किणकिणत. तशीच ती किणकिणत होती. आणि घडी घालता घालता माझ्या मानेला घाम आला म्हणून वर बघितलं, तर पंखा हळू होत होता. हळू झाला आणि थांबला.

मला आधी खरंच वाटेना. आई आतून काहीतरी म्हणाली, ते गिरणीच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं, "गेली का गं?"

"गेली," मी ओरडले, आणि धावत जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं. मतदान होईस्तोवर जाणार नाही म्हणणारे वामनभाऊ कसे तोंडघशी पडले, असंही वाटून गेलं. मारुतीराया, तुझी करणी अगाध आहे.

नाना आत आले. "लाइट गेली," ते म्हणाले, गाडी सुटल्याचं सांगावं तसं. माठातलं पाणी प्यायले, बाहेर काय आहे ते बघतो म्हणाले आणि परत ओट्यावर गेले. मी मनात वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य जुळेना तोच पंखा गरगरला. लाइट आलीसुद्धा. एरवी तीन-तीन तास जाणारी लाइट त्या दिवशी नुसतं तोंड दाखवून परत आली होती. मला तयारीला वेळ मिळाला नाही म्हणून मी मारुतीवर थोडी चिडलेही.

नाना आत आले ते बोटं झटकत. बोटांना काळं लागलं होतं. आईने काही न विचारता त्यांच्या हातात फडकं दिलं. त्यांनी हात पुसले, स्टूल ओढलं, डब्यातून सुपारी काढली आणि फ्रिजसमोर बसले. आईने माझ्याकडे बघितलं.

"नाना बसलेत," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ते दार लोटलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी जाऊन नानांच्या स्टुलाजवळ खाली बसले. अडकित्ता कट कट वाजत होता.

"नाना."

"हं."

"मला सावद्याचं स्थळ नको."

अडकित्ता थांबला. नानांची नजर बल्बवरच होती. मग अडकित्ता परत सुरू झाला.

"मुलगा वाईट वाटला?"

"नाही. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. मलाच दोन वर्षं हवीत."

"कशाला?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी सगळं घडाघडा बोलून टाकलं. आयटीआय, नाशिक, फ्रिज-एसीचा ट्रेड, फॉर्म कधी भरला, नंबर कधी लागला, राहायला मुलींचं वसतिगृह आहे, सोमवारी हजर व्हायचंय. गिरणीच्या आवाजात मला मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे आपण भांडतोय की काय असं मलाच वाटत होतं. नाना कातरत होते. माझं बोलणं संपलं आणि बघते तर त्यांच्या मांडीवरच्या ताटलीत सुपारीचा बारीक ढीग झालेला. सुपारी संपली होती. आता उठणार, बटण दाबणार आणि म्हणणार, बघू.

नानांनी डबा उघडला आणि दुसरी सुपारी काढली.

असं आमच्या घरात कधीच झालं नव्हतं. एक फ्रिज, एक सुपारी. मी नुसती बघत राहिले.

"फ्रिज दुरुस्त करायला शिकणार," ते म्हणाले.

"हो."

"मुली करतात?"

"करतील की. मी करीन."

"पण हेच का?"

"तुम्ही लाइट आल्यावर थांबता ना, ते का थांबता ते मला कळून घ्यायचंय," मी म्हणाले. "नियम आहे एवढ्याने माझं समाधान होत नाही नाना. लहानपणापासून होत नाही."

नानांनी बल्बवरची नजर काढून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. ते रागावलेत की काय ते मला कळेना. मग परत बल्बकडे बघत ते सुपारी कातरायला लागले. आतून आईचा आवाज नाही, खोलीतून दादाचा आवाज नाही. दोघंही दाराला कान लावून असणार.

"सावद्याला मी अजून शब्द दिलेला नाही," नाना म्हणाले.

"म्हणून तर आज बोलले. उद्या बोलून उपयोग नव्हता."

"उद्या मी जाणारच आहे. ते आपली वाट बघत बसतील, तसं ठेवणं बरोबर नाही. समोर जाऊन सांगतो."

"काय सांगणार?"

नानांनी उरलेली अर्धी सुपारी कातरून संपवली, ताटली बाजूला ठेवली आणि फ्रिजचं बटण दाबलं. फ्रिज गुरगुरायला लागला. नाना उठले, चपला घातल्या आणि दारात थांबून म्हणाले, "सोमवारी सकाळच्या गाडीने जा. मनमाडनंतर झोपायचं नाही. नाशिकरोडला उतरायचं, नाहीतर देवळालीला जाशील."

ते स्टेशनवर गेले. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. आई दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, अगं, हो म्हणालेत ते. मी म्हटलं, माहितीये, म्हणूनच रडतेय. दादा खोलीतून ओरडला, आता केळी कोण खाणार.

संध्याकाळी मी मारुतीला नारळ फोडायला गेले. वाटेत गिरणीच्या दारात थांबून वामनभाऊंना ओरडून सांगितलं, तुमचा अंदाज चुकला हो भाऊ. पिठाने पांढरे झालेले वामनभाऊ काही ऐकू न आल्यासारखे हसले आणि त्यांनी नुसती मान हलवली.

शनिवारी नाना सावद्याला जाऊन आले ते केळीचा अख्खा घड घेऊन. त्यांनी तिथे जाऊन सरळ सांगितलं होतं, मुलगा चांगला, घर चांगलं, पण आमची मुलगी दोन वर्षं मोकळी नाही. ती काय शिकणार म्हणून फालकांनी विचारलं. नाना म्हणाले, फ्रिज. त्यावर फालक म्हणाले, आमचाही हल्ली रात्रीचा आवाज करतो, शिकून झालं की तिला एकदा बघायला पाठवा. पुढे मी तो खरंच बघून दिला. त्या मुलाच्या, म्हणजे प्रफुल्ल फालकांच्या बायकोने मला वेफर्स खायला दिले, घरचे, उत्तम होते.

सोमवारी गाडीत बसवायला नाना आले. गाडी वेळेवर होती, त्यामुळे खूश होते. हातात हात देण्याची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला, मी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. सिग्नल झाला तसा त्यांनी हात काढून घेतला.

नाशिकला पहिल्याच आठवड्यात सरांनी तो धडा घेतला. फ्रिज चालू असताना कॉम्प्रेसर गॅसला एका बाजूने ढकलत असतो. लाइट गेली की ढकलणं थांबतं, पण एका बाजूचा दाब तसाच राहतो. तो दोन्हीकडे सारखा व्हायला वेळ लागतो. लाइट नुकती येऊन लुकलुकली आणि त्याच्या आधीच मोटर परत सुरू झाली, तर ती त्या दाबाला रेटू शकत नाही, हंबरते, तापते आणि जळते. सरांनी विचारलं, मग किती थांबायचं? आणि स्वतःच सांगितलं, तीन-चार मिनिटं पुरतात. फार तर पाच. मी वर्गात मोठ्याने हसले. सर म्हणाले, झांबरे, यात हसण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही सर, आमच्याकडे सुपारी लागते.

नानांची एक सुपारी म्हणजे पाव तास कुठे जात नसे.

आता याला वीस वर्षं होत आली. नाशिकरोडला माझं दुकान आहे, हाताखाली चार माणसं आहेत. अजून फोन येतात, ताई, लाइट आली, फ्रिज कधी लावू? मी सांगते, तीन-चार मिनिटं थांबा. हल्ली बऱ्याच घरांत स्टॅबिलायझरच थांबून घेतो, माणसाला बसावं लागत नाही. लोकांना त्याचं फार कौतुक आहे.

पण सांगायचं होतं ते त्या पहिल्या दिवाळीचं.

मी सुटीला घरी आले होते. संध्याकाळ व्हायची होती, आई चकल्या तळत होती, मी सोऱ्या फिरवत होते, फळीवरची ताटं किणकिणत होती. आणि लाइट गेली. पंखा थांबला, तशी गिरणीही थांबली. ताटं गप्प झाली. घरात एकदम इतकं शांत झालं की तेलात चकली चुरचुरते ते ऐकू यायला लागलं. लहानपणापासून हजार वेळा ऐकलेली शांतता. लाइट गेली की वामनभाऊंची गिरणी थांबणारच, ती काय हवेवर चालते?

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. त्या शुक्रवारी गिरणी चालू होती. आईला दोनदा विचारावं लागलं होतं. मला ओरडून बोलावं लागलं होतं. ताटं किणकिणत होती. ओट्यावर मीटर, ओट्यावर नाना, बोटांना फ्यूजचं काळं. आणि आदल्या दिवशी लिंबाखाली पेपर तोंडावर घेऊन नाना झोपले होते म्हणे. झोपलेल्या नानांचं घोरणं वामनभाऊंना गिरणीत ऐकू जातं, त्या दुपारी मला ओट्यावर ऐकू आलं नव्हतं.

मी आईकडे बघितलं. ती कढईत बघत होती, पण तिच्या गालावर हसू होतं.

लाइट आली. नानांनी स्टूल ओढलं, सुपारी काढली आणि बसले. मी पिठाचे हात घेऊन जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले.

"नाना, त्या शुक्रवारी गिरणी चालू होती."

"वामनभाऊंची चालूच असते."

"लाइट गेलेली असताना?"

अडकित्ता थांबला. नाना बल्बकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि माझे वडील लाजलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"उभ्या नोकरीत एकदाही खोटा सिग्नल दाखवला नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आता मी रिटायर आहे."

मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले. पिठाच्या हातांनी पुसता येईनात. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आणि तुमचा नियमही चुकीचा आहे. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. एवढं थांबावं लागत नाही नाना, तीन-चार मिनिटं पुरतात."

"फ्रिजला पुरतात," नाना म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला आणि दुसरी सुपारी काढून ठेवली.

"बोल," ते म्हणाले, "नाशिक काय म्हणतंय?"